लहान मुलाच्या हातून पडलेला आइसक्रीमचा कोन दुकानदाराने बदलून द्यावा का?

सहकारनगरचे आजोबा यांचा प्रश्न:

गेल्या रविवारी संध्याकाळी मी माझ्या साडेचार वर्षांच्या नातीला घेऊन सारसबागेत गेलो होतो. तळ्यातल्या गणपतीचे दर्शन झाल्यावर आम्ही नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे जवळच्या एका आइसक्रीमच्या दुकानात शिरलो. नातीने आंब्याचा कोन घेतला, काउंटरपासून दोन पावले टाकली, रस्त्यावर कोणीतरी साबणाचे फुगे उडवत होते ते पाहायला मान वळवली आणि कोनासकट सगळे फरशीवर आपटले. ती लगेच रडली नाही. आधी तिने रिकाम्या हाताकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि त्यानंतर भोकाड पसरले. काउंटरवरच्या मुलाने एक शब्दही न बोलता दुसरा कोन भरून तिच्या हातात दिला. मी पैसे पुढे केले, तेव्हा त्याने हातानेच नको म्हटले.

गोष्ट इथेच संपली असती, तर मी येथे लिहायला बसलो नसतो. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलेलो असताना दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एका मुलाच्या कोनावरचा गोळा अगदी तसाच निसटून खाली पडला. कपड्यांवरून आणि हातातल्या पिशव्यांवरून ते कुटुंब दिवसभराचे काम उरकून आले असावे, असे मला वाटले. त्या मुलाच्या आईने काउंटरवर जाऊन विचारले, तेव्हा त्याच मुलाने ‘एकदा दिलेला बदलून मिळत नाही’ असे सांगितले. ते पोर उरलेला कोरडा कोन कुरतडत आईच्या मागोमाग निघून गेले. आपण त्याला एक कोन घेऊन द्यावा, असे माझ्या मनात आले, पण त्यांना ते अपमानकारक वाटेल का, या विचारात मी इतका वेळ घालवला की ती मंडळी दिसेनाशी झाली.

माझा प्रश्न असा आहे. लहान मुलाच्या हातून चुकून पडलेला खाऊ दुकानदाराने बदलून द्यावा, असा काही सर्वसाधारण नियम असावा का? की ही बाब विक्रेत्याच्या मर्जीवर सोडावी, आणि ती मर्जी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून बदलत असेल, तर तेही आपण निमूटपणे मान्य करावे?

सिंहगड रस्त्यावरचा दुकानदार यांचे उत्तर:

आजोबा, नमस्कार. सिंहगड रस्त्यावर माझे आइसक्रीमचे लहानसे दुकान आहे आणि हा प्रसंग उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी माझ्यासमोर घडतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पडणाऱ्या कोनांपैकी बऱ्याच कोनांचा दोष मुलाकडे नसून काउंटरच्या आतल्या बाजूला असतो. साठवणीच्या फ्रीजरमध्ये आइसक्रीम उणे 18 अंशांच्या आसपास असते आणि चमच्याने नीट काढता यावे, म्हणून विक्रीच्या फ्रीजरमध्ये ते त्याहून काही अंश कमी थंड ठेवावे लागते. गर्दीच्या वेळी नुकताच आत ठेवलेला डबा उघडला, तर गोळा इतका कडक निघतो की तो कोनात बसतच नाही, केवळ काठावर चेंडूसारखा टेकून राहतो. त्याउलट झाकण सारखे उघडे राहिले, तर तो मऊ पडून घसरतो. गोळा चमच्याच्या पाठीने हलकेच दाबून कोनात उतरवायचा असतो, पण रांग दाराबाहेर गेली की ते दाबणे सर्वात आधी विसरले जाते. म्हणून आमच्याकडे पाच वर्षांखालच्या मुलाला आधी कप हवा का असे विचारतात आणि मूल कोनासाठीच अडून बसले, तर कोन कागद गुंडाळून देतात.

आता त्या काउंटरवरच्या मुलाविषयी. त्याला कठोर ठरवण्यापूर्वी दुकानातला हिशेब कसा चालतो, ते पाहावे लागेल. डब्यातले आइसक्रीम रोज मोजता येत नाही, पण कोन आणि कप मोजता येतात. रात्री दुकान बंद करताना किती कोन संपले आणि किती बिले झाली, यांचा मेळ घातला जातो. चाटलेला कोन स्वच्छतेच्या दृष्टीने पुन्हा काउंटरच्या आत घेता येत नाही, त्यामुळे केवळ गोळा पडला असला तरी नवा कोन लागतो आणि हिशेबात एकाची तूट येते. कित्येक दुकानांत ती तूट काउंटरवरच्या मुलाच्या पगारातून कापली जाते. मालकाने त्याला अधिकार दिलेला नसेल, तर त्याने दाखवलेला उदारपणा हा त्याच्या स्वतःच्या खिशातून झालेला असतो.

मी यावर साधा उपाय केला आहे. हिशेबाच्या वहीत ‘पडले’ असा एक रकाना आहे आणि त्यात खूण करून कोणीही कोन बदलून देऊ शकतो. मूल लहान असावे, कोन आमच्या नजरेसमोर पडलेला असावा आणि तो अर्ध्याहून अधिक खाल्लेला नसावा, एवढेच पाहतो. तीन चतुर्थांश कोन संपवून उरलेला तुकडा मुद्दाम खाली टाकणारे कॉलेजचे विद्यार्थी मी पाहिलेले आहेत, पण त्यांच्यामुळे चार वर्षांच्या मुलाला शिक्षा देण्यात अर्थ नाही. पन्नास रुपयांच्या कोनात माझे पन्नास रुपये जात नाहीत, फक्त माल जातो. मस्तानीचा पेला सांडला, तर मात्र पुन्हा मस्तानी देणे मला परवडत नाही. अशा वेळी कपात एक साधा गोळा देतो आणि आजवर एकाही मुलाने त्याबद्दल तक्रार केलेली नाही. तक्रार केली असेल, तर ती वडिलांनी.

बालवाडीतील शिक्षिका, कोथरूड यांचे उत्तर:

वरील दुकानदारांची व्यवस्था स्तुत्य आहे, तरीही मी नियमाच्या बाजूने नाही, आणि त्याचे कारण ‘मुले लाडावतील’ हे नेहमीचे नाही. चार वर्षांच्या मुलाला हातातली वस्तू सरळ धरणे आणि त्याच वेळी दुसरीकडे पाहणे या दोन गोष्टी एकदम साधत नाहीत. त्यामुळे कोन पडला म्हणून त्याला धडा शिकवण्याची भाषा करणे निरर्थक आहे.

माझी हरकत वेगळी आहे. मुलाची समजूत घालणे हे त्याच्या सोबतच्या मोठ्या माणसाचे काम आहे. आपल्या कोनातला अर्धा भाग त्याला देता येतो, दुसरा विकत घेता येतो किंवा ‘आज पडला, आता पुढच्या रविवारी’ असे सांगून त्याला जवळ घेऊन बसता येते. बदलून देण्याचा नियम झाला, की आपण ते काम रडणाऱ्या मुलासह काउंटरपलीकडे ढकलतो आणि मागे उभ्या असलेल्या रांगेला साक्षीदार करतो. ‘अहो, लहान मूल आहे, द्या की दुसरा’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे आणि दर वेळी ते मुलापेक्षा पालकांच्या प्रतिष्ठेसाठी उच्चारले जात होते.

शिवाय आजोबांना जी विषमता खुपली, ती नियमाने दूर होईलच असे मला वाटत नाही. भिंतीवर पाटी लावली, तरी तिचा आधार घेऊन हुज्जत घालणारे आपल्यासारखेच लोक असतील. ज्या आईला एकदा नकार मिळाल्यावर दुसरा शब्द काढवला नाही, ती पाटीकडे बोट दाखवून भांडेल का?

ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ता यांचे उत्तर:

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली ती याच शहरात, त्यामुळे पुणेकर ग्राहकाला आपले हक्क तोंडपाठ असतात, असा समज आहे. हा हक्क मात्र त्या यादीत नाही. 1930 च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम 26 नुसार, वेगळे काही ठरलेले नसेल, तर वस्तूची मालकी ग्राहकाकडे गेल्यावर तिचा धोकाही त्याच्याकडे जातो. पैसे दिले, कोन हातात आला आणि मग तो पडला, तर नुकसान ग्राहकाचे.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाट्यांशी याची गल्लत करू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, बिलात नमूद केलेल्या मुदतीत, किंवा मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. येथे ‘सदोष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. फरशीवर पडलेला कोन सदोष नव्हता, तो केवळ दुर्दैवी होता.

तथापि दोन प्रसंग वेगळे मानावे लागतील. देता-घेताना, म्हणजे मुलाची बोटे कोनाभोवती नीट मिटण्यापूर्वीच विक्रेत्याने हात सोडला, तर वस्तू सुपूर्द झालीच नाही, असे म्हणता येईल. तसेच वरील दुकानदार सांगतात त्याप्रमाणे गोळा कोनात नीट बसवलाच नसेल, तर तो दोष विक्रेत्याचा आहे. आजोबांच्या नातीच्या हातून सबंध कोन निसटला, पण त्या दुसऱ्या मुलाच्या हातात कोन शाबूत होता आणि फक्त गोळा गळून पडला. काटेकोरपणे पाहिले, तर बदलून मागण्याचा अधिक सबळ दावा त्याचा होता.

कुल्फीवाल्याची मुलगी यांचे उत्तर:

माझे वडील बावीस वर्षे पर्वतीच्या पायथ्याशी हातगाडीवर कुल्फी विकत असत. येथील चर्चा मोठ्या दुकानांविषयी चालली आहे, म्हणून गाडीवरचा अनुभव सांगते.

पेटीत बर्फ आणि खडेमीठ भरून वडील मोजक्या कुल्फ्या घेऊन निघत. संपल्या की संपल्या. त्यामुळे एखादी फुकट देणे म्हणजे फक्त मालाचे पैसे गेले, असे नव्हते, तर एक विक्रीच गेली. पण साच्यातून काढताना रोज काही कुल्फ्या मोडत. काडी निसटलेली किंवा टोक तुटलेली कुल्फी पूर्ण भावाने विकता येत नसे. वडील त्या वेगळ्या ठेवत आणि कोणाच्या हातातली कुल्फी काडीवरून घसरली, की मोडलेल्यांपैकी एक द्रोणात घालून देत. देताना ‘आता इथे बसून खा’ ही त्यांची एकच अट असे. बदलून देणे म्हणजे जसे पडले तसेच आणि तेवढेच देणे, असे का मानावे, हे मला वरील चर्चा वाचताना कळले नाही.

चेहरा पाहून देण्याविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. वडील चेहरा पाहतच असत. मोडलेली एकच उरली असेल आणि दोन मुलांच्या कुल्फ्या पडल्या, तर ज्याचे आईवडील दुसरी विकत घेतील असे दिसे, त्याला ते सरळ नाही म्हणत. त्यावरून त्यांना बोलणीही खावी लागली. बाईंचे म्हणणे मला पटते, मागणारे नेहमी तेच असतात. पण म्हणूनच न मागणाऱ्याकडे कोणीतरी पाहायला हवे ना?

सहकारनगरचे आजोबा यांनी पुन्हा लिहिले आहे:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे वाचून काल मी पुन्हा त्या दुकानात गेलो. गर्दी नव्हती, म्हणून काउंटरवरच्या मुलाला विचारले की त्या दिवशी माझ्या नातीला कोन दिला आणि त्या दुसऱ्या मुलाला का नाही. माझ्या मनात त्याच्याविषयी जे काही होते, ते प्रश्नाच्या स्वरातही आले असावे, कारण तो आधी घाबरला.

मग त्याने सांगितले की तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाला रोज एक कोन खायला मिळतो आणि तेवढाच हिशेबातून वगळला जातो. नातीला दिलेला तो त्याचा स्वतःचा कोन होता. दुसरा मुलगा आला तोपर्यंत त्याच्याकडे द्यायला काही उरले नव्हते आणि हे सगळे रांगेसमोर त्या आईला कसे सांगावे, ते त्याला सुचले नाही.

मी त्याला त्या कोनाचे पैसे देऊ केले, पण ते त्याने घेतले नाहीत. शेवटी मी दोन कोनांचे बिल केले, एक त्याला दिला आणि मालकांची वेळ विचारून घेतली. ते संध्याकाळी सातनंतर येतात. ‘पडले’ या रकान्याविषयी दुकानदारांनी येथे जे लिहिले आहे, त्याची छापील प्रत काढून ठेवली आहे. नात सोबत येणार आहे, आणि कप घेणार नाही, असे तिने मला आताच बजावले आहे.