रस्त्यावरच्या शर्यतींचे गेम: ओढ कशाची आणि चीड कशाची?

प्रश्न: चौथा_गिअर

नमस्कार. ग्रान टुरिस्मोसारखे बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतींचे गेम मी मन लावून खेळतो. त्यांत हरलो, तर ब्रेक उशिरा दाबला किंवा वळणात गाडी बाहेर गेली, हे मला लगेच कळते आणि सहसा राग येत नाही. परंतु त्या गेममध्ये माझे मन फार दिवस रमत नाही. थोड्याच काळात मी पुन्हा रात्रीच्या शहराकडे, म्हणजे ‘नीड फॉर स्पीड’ मालिकेतील ‘अंडरग्राउंड २’ (२००४) आणि ‘मोस्ट वाँटेड’ (२००५) यांच्याकडे वळतो, आणि तिथे मात्र कंट्रोलर आपटावासा वाटतो. पूर्ण शर्यतभर कुणालाही जवळ येऊ न देता गाडी चालवावी आणि शेवटच्या वळणावर मागचा प्रतिस्पर्धी अशक्य वाटणाऱ्या वेगाने शेजारून निघून जावा, हा अनुभव इतका नेमाने येतो की त्याला योगायोग म्हणवत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. हे असे का घडते, आणि ते ठाऊक असूनही आपण परत त्याच गेमकडे का जातो? ‘जुन्या आठवणी’ एवढ्या उत्तरावर माझे समाधान होत नाही, कारण माझ्या भाच्याने हे गेम गेल्या वर्षी पहिल्यांदा पाहिले आणि त्याचीही गत माझ्यासारखीच झाली आहे.

उत्तर: सर्किटवाला

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. या गेममध्ये ‘कॅच-अप’ नावाची योजना असते. खेळाडू तिला ‘रबर बँडिंग’ म्हणतात. संगणकाच्या गाडीचा वेग केवळ तिच्या इंजिनावर ठरत नाही, तर तिच्यात आणि तुमच्यात किती अंतर आहे यावरही ठरतो. तुम्ही फार पुढे गेलात की मागच्याला बळ मिळते आणि तुम्ही मागे पडलात की पुढचा हळू होतो. ‘मोस्ट वाँटेड’मध्ये सुटी शर्यत लावताना ही सोय बंद करता येते, करिअरमध्ये, म्हणजे गेमच्या मुख्य कथेत, तो पर्याय मिळत नाही.

याला निव्वळ लबाडी म्हणण्याआधी करणाऱ्यांची अडचण पाहावी. ट्रॅकवरच्या गेममध्ये गाड्यांचे वर्ग ठरलेले असतात आणि कोणत्या शर्यतीत कोणती गाडी उतरणार हे बरेचसे आधीच ठाऊक असते. खुल्या शहराच्या गेममध्ये मात्र एखादा खेळाडू मिळालेले सगळे पैसे टर्बो आणि नायट्रसवर (गाडीला क्षणभर जादा वेग देणाऱ्या वायूवर) घालतो, तर दुसरा त्याच पैशांत रंग, स्पॉयलर आणि खालचे निऑन दिवे घेतो, आणि दोघेही एकाच शर्यतीला येऊन उभे राहतात. दोघांनाही चुरस वाटावी म्हणून प्रतिस्पर्ध्याचा वेग खेळाडूला बांधून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. त्याची किंमत अशी की सुरुवातीच्या सफाईदार चालवण्याला मोल उरत नाही आणि घेतलेल्या महागड्या इंजिनाचा उपयोगही अर्धा वाया जातो. मुरलेले खेळाडू म्हणूनच पहिल्या फेरीत आघाडीसाठी धडपडत नाहीत. ते पहिल्या गाडीच्या मागे टिकून राहतात, नायट्रस राखून ठेवतात आणि अखेरच्या सरळ पट्ट्यावर ते सोडतात. तुम्हीही हे करून पाहा. जिंकाल, पण शर्यत जिंकल्यासारखे वाटेलच असे नाही.

उत्तर: घाटरस्ता

वरचे विवेचन पटले, तरी त्यातून चीड समजते, ओढ समजत नाही. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे. रस्त्याला रस्तेपण येते ते तिथल्या परक्या माणसांमुळे. ट्रॅकवर जो कोणी आहे तो शर्यतीसाठीच आला आहे. शहरात मात्र तुमच्या शर्यतीशी काडीचाही संबंध नसलेली एक व्हॅन चौक ओलांडत असते आणि पोलिसांना तुम्ही कितवे आलात याच्याशी देणेघेणे नसते. ‘अंडरग्राउंड’मधील ड्रॅग शर्यत, म्हणजे सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत, आठवा. गिअर अचूक बदलत असताना समोर वाहन आले आणि मार्गिका बदलायला क्षणभर उशीर झाला, की गाडी तिथेच निकामी होऊन शर्यत संपते. हा अन्याय आहेच, पण तो काढून टाकला तर मागे उरतो तो रंगीत दिव्यांचा ट्रॅक.

इथे मी दोन प्रकारच्या चिडीत भेद करीन. वाहतुकीत आपटून हरलो तर ती जोखीम मी उघड्या डोळ्यांनी घेतलेली असते. कॅच-अपने हरलो तर नियम माझ्यापासून लपवलेला असतो, आणि हीच गोष्ट सहन होत नाही. म्हणूनच ‘मोस्ट वाँटेड’मधील पोलिसी पाठलागाचा भाग मला त्यातील शर्यतींपेक्षा कितीतरी सरस वाटतो. पाठलाग लांबेल तशी इनामाची रक्कम वाढते, पण त्याबरोबर पोलिसांचा जोरही वाढतो: आधी गस्तीच्या गाड्या, मग अडथळे, मग रस्त्यावर टाकलेले खिळ्यांचे पट्टे, समोरून धडक द्यायला येणाऱ्या अवजड गाड्या आणि वर हेलिकॉप्टर. गेममधल्या पंधरा प्रतिस्पर्ध्यांच्या यादीत वर चढायला शर्यतींच्या विजयांबरोबर ही रक्कमही लागते, त्यामुळे आता निसटावे की आणखी थोडे ताणावे हा निर्णय खेळणाऱ्याला स्वतःच घ्यावा लागतो. वारंवार पकडले गेल्यास गाडी जप्त होऊ शकते, हेही आधीच सांगितलेले असते. डाव उघड आहे, म्हणून त्यातली हार पचते.

‘नीड फॉर स्पीड’च्या पुढच्या गेमनी हाच धागा पकडला. ‘हीट’मध्ये (२०१९) दिवसा परवानगीच्या शर्यतींत पैसे मिळतात आणि रात्री बेकायदा शर्यतींत नाव. रात्री पोलिसांचा दाब वाढेल तसे कमावलेल्या नावाला गुणले जाते, आणि सुरक्षित घरी पोचण्याआधी पकडले गेलात तर ती वाढ हातची जाते. ‘अनबाउंड’ने (२०२२) शर्यतीत उतरण्याचे शुल्क आणि शर्यत पुन्हा सुरू करण्याची मर्यादा आणली. त्यावर अनेकांनी तक्रारी केल्या, पण तिसऱ्या क्रमांकावर येऊनही शर्यत पूर्ण करण्याला अर्थ आला तो तिच्यामुळेच. एरवी पहिल्या वळणावर धडकलो की आपण सारे तत्काळ ‘रीस्टार्ट’ दाबतो, नाही का?

उत्तर: पहाटवारा

घाटरस्ता यांच्या मुद्द्याला जोडून एका वेगळ्या घराण्याची आठवण करून देते. जपानच्या गेन्की या कंपनीची ‘शुतोको बॅटल’ मालिका १९९४ साली निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर सुरू झाली. बाहेरच्या देशांत ती ‘टोकियो एक्स्ट्रीम रेसर’ या नावाने ओळखली जाते. त्यात शहर नाही, चौक नाहीत. टोकियोचा शुतोको हा उन्नत द्रुतगती मार्ग आहे आणि त्यावर रात्री मधूनमधून भेटणारे प्रतिस्पर्धी आहेत. एखाद्याच्या मागे जाऊन हेडलाइटची उघडझाप केली की आव्हान दिले गेले. प्रत्येकाला पडद्यावर बळ दाखवणारी एक पट्टी मिळते; जो मागे पडतो त्याची पट्टी झिजते, भिंतीला घासला तर आणखी झिजते आणि जिची आधी संपते ती गाडी हरते.

या रचनेत शेवटची रेषाच नाही, म्हणून शेवटच्या वळणावरचा चमत्कारही नाही. पहिल्या सेकंदाला घेतलेली आघाडी तेव्हाच प्रतिस्पर्ध्याची पट्टी खाऊ लागते, त्यामुळे चौथा_गिअर यांना हवे असलेले मोल इथे सुरुवातीपासून मिळते. त्रास आहेच, पण तो निराळ्या जातीचा. मालिकेतील काही भटके प्रतिस्पर्धी आठवड्याचा विशिष्ट वार किंवा विशिष्ट गाडी अशी अट पूर्ण झाल्याशिवाय दर्शनच देत नाहीत आणि त्यांच्या शोधात रात्रीच्या रात्री खर्ची पडतात. शिवाय देखावा तोच तो: बोगदा, वळण, पूल, पुन्हा बोगदा. कुणाला यात समाधी लागते, कुणाला झोप. मालिकेचा नवा भाग सप्टेंबर २०२५ मध्ये संगणकासाठी पूर्ण स्वरूपात आला आहे.

उत्तर: जुनी_सीडी

एक चीड राहून गेली: हे गेम आपल्या हातात टिकत नाहीत. खऱ्या गाड्या आणि गाणी वापरण्याचे परवाने मुदतीचे असतात. ‘नीड फॉर स्पीड’चे ‘कार्बन’, ‘अंडरकव्हर’ आणि ‘द रन’ हे भाग ३१ मे २०२१ रोजी डिजिटल दुकानांतून काढण्यात आले. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि तो इंटरनेट जोडणीवाचून चालतच नसल्याने, एकट्याने खेळणाऱ्यांनाही विकत घेतलेल्या गेमला मुकावे लागले. गाड्यांचे तर विचारूच नका. २०१९ मध्ये टोयोटाच्या ब्रिटनमधील खात्याने ट्विटरवर लिहिले होते की त्यांच्या गाड्या ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’मध्ये मिळतील, कारण तो गेम बेकायदा रस्ता-शर्यतींना उत्तेजन देत नाही. कंपनीच्या दृष्टीने ते योग्य असेल. पण टोयोटाची ‘सुप्रा’ ही स्पोर्ट्स कार जिथे सर्वांत शोभेल, त्या ‘हीट’मध्येच ती नसावी, हे खटकते.

चौथा_गिअर

सर्वांचे आभार. घाटरस्ता यांनी केलेला भेद मला नेमका वाटतो. पाठलागात पकडला गेलो म्हणून मी कधी चिडल्याचे स्मरत नाही, चीड येते ती शर्यतींतच. आता टोकियोचा नवा भाग घेण्याचा विचार आहे. कंट्रोलर भाच्याने नेला असल्यामुळे तूर्त कीबोर्डच हाताशी आहे. त्यावर निभेल का?

पहाटवारा

कंट्रोलर परत मागवा, असेच सुचवीन. कीबोर्डवर कळ दाबली की चाक पूर्ण वळते, सोडली की सरळ होते, आणि या मार्गावर तर ताशी दोनशेच्या पुढे लांबलचक, सौम्य वळणे घ्यायची असतात. टिचक्या मारत गाडी नेता येते, पण भिंतीला घासून स्वतःचीच पट्टी झिजवाल. स्टिक असलेला कोणताही साधा कंट्रोलर पुरतो. महागडे स्टिअरिंग घेण्याची गरज नाही.