दोन मंडळांचा मिळून एक संघ: हॉलंडच्या टेलस्टारनं हे कसं जमवलं?

मिरज_लेफ्टविंग

नमस्कार मंडळी. जरा डोकं लावा.

मिरजेत आमचं एक मंडळ आणि शेजारच्या गल्लीत दुसरं. फुटबॉलचा संघ दोघांचाही आहे आणि वडिलांच्या वेळेपासनं दोघांचं एकमेकांशी पटत नाही. अडचण अशी की आता सीनियरला पोरंच पुरेनात. निम्मी पुण्याला नोकरीला गेली, उरलेल्यातली चांगली तेवढी कोल्हापूरच्या तालमींनी उचलली. टूर्नामेंटला अकरा उभे करायचे म्हणजे आदल्या रात्रीपर्यंत फोनाफोनी. म्हणून दोन्हीकडच्या शहाण्या माणसांनी एकत्र संघ करायचा विषय काढला. बैठक बसली, चहा झाला, नावावरनं जुंपली आणि सगळे उठले.

त्या बैठकीत एकानं टेलस्टारचं नाव काढलं. म्हणे हॉलंडमधला छोटा प्रोफेशनल क्लब आहे, दोन हाडवैरी क्लब एकत्र येऊन झालेला, आणि ४७ वर्षं दुसऱ्या डिव्हिजनला राहून २०२५ ला वर आला. मला दोन गोष्टी कळत नाहीत. वैरी एकत्र आले कसे? आणि इतकी वर्षं खाली राहून क्लब बंद कसा नाही पडला? आमच्याकडं दोन वर्षं ट्रॉफी नाही मिळाली तर वर्गणी देणारा फोन उचलत नाही.

खणभाग_एक्सप्रेस

टाटांचा क्लब आहे रे तो. टाटांच्या जिवावर चालतोय. तुम्हीपण एखादा साखर कारखाना गाठा.

हरिपूरचा_उंट

खणभाग, टाटांचा नाही. टेलस्टारच्याच भागातल्या आयमाउडनची पोलाद कंपनी १९१८ ला होहोवेन्स नावानं निघाली. १९९९ ला ती ब्रिटिश स्टीलला जोडून कोरस झाली, आणि कोरस टाटांनी २००७ ला घेतली. क्लबच्या मैदानाला काही वर्षं टाटा स्टीलचं नाव होतं, पण ते प्रायोजक म्हणून, मालकी नव्हे. पुढं ते नाव जाऊन बँकेचं आलं, मग आणखी कुणाकुणाचं. आपल्या गणपतीच्या कमानीवर दरवर्षी वेगळा सराफ असतो, तसलाच प्रकार.

लेफ्टविंग, तुला नीट सांगतो. लांबण लागेल, बस.

मी फुटबॉलवाला नाही. सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळात वाढलो, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या डोळ्यांदेखत हरलो-जिंकलो. टेलस्टार मला भेटला तो बुद्धिबळामुळंच. होहोवेन्स कारखान्यानं १९३८ ला शेजारच्या बेव्हरवाइकमध्ये एक बुद्धिबळ स्पर्धा सुरू केली. १९६८ पासनं ती समुद्रकाठच्या वाइक आन झे या खेड्यात भरते. आज तिला टाटा स्टील स्पर्धा म्हणतात. आनंदनं ती कितीदा तरी मारली, नाशिकच्या विदित गुजरातीनं २०१८ ला तिथला चॅलेंजर्स, म्हणजे दुसऱ्या फळीचा, गट जिंकला. गंमत म्हणजे ज्या हॉलमध्ये ग्रँडमास्टर खेळतात त्याच हॉलमध्ये तुमच्याआमच्यासारख्या हौशांचेही गट लागतात. पैसे भरा आणि बसा. कुपवाडच्या फाउंड्रीतनं रिटायर झाल्यावर मी गेलो. भाचा तिथंच बेव्हरवाइकला राहायचा. खेळलो, हरलो, वाटाण्याचं दाट सूप प्यायलो (युद्धानंतरच्या टंचाईतनं आलेली त्या स्पर्धेची रीत आहे ती), आणि एका शुक्रवारी संध्याकाळी भाच्यानं टेलस्टारची मॅच दाखवायला नेलं. त्यांच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅचेस बहुतेक शुक्रवारी रात्री असतात.

मैदान केवढंसं. गोलकीपर बॅकला शिव्या घालतो त्या ऐकू येतात. कोच काय ओरडतोय ते शेवटच्या रांगेतनं कळतं, म्हणजे डच येत असलं तर. बंदराकडनं असा वारा येत होता की माझ्या हातातल्या कागदी पुडीतले बटाट्याचे काप मेयोनेजसकट गारठले. शेजारी पांढरा मफलर घातलेला एक म्हातारा बसलेला. भाच्यानं मधे दुभाष्याचं काम केलं. म्हाताऱ्याचे वडील व्हीएसव्हीवाले, म्हणजे एक झालेल्या दोन क्लबांतल्या एकाचे. क्लब एक झाल्यावर त्यांनी टेलस्टारची एकही मॅच बघितली नाही, मरेपर्यंत. मुलगा मात्र पहिल्या वर्षापासनं येतोय. एकाच घरात हे दोन्ही.

आता तुझा पहिला प्रश्न, वैरी एकत्र आले कसे. हॉलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली १९५४ ला. त्यानंतर गावोगावचे क्लब प्रोफेशनल झाले. वेल्सन-आयमाउडन एवढ्याशा पट्ट्यात दोन होते: व्हीएसव्ही आणि स्टॉर्मफोगेल्स. व्हीएसव्ही काही ऐरागैरा नव्हता, १९३८ ला देशाचा कप जिंकलेला. पण एवढ्याशा वस्तीत दोन प्रोफेशनल संघ पोसायचे म्हणजे तिकीट काढणारी माणसं तीच, जाहिरात देणारे दुकानदारही तेच. १९६३ च्या जुलैत दोघांनी आपापला प्रोफेशनल विभाग एकत्र केला.

इथं नीट लक्ष दे. एकत्र केला तो फक्त प्रोफेशनल विभाग. हौशी संघ, पोरांचे संघ, जुनी नावं, सगळं आपापल्या घरी राहिलं. व्हीएसव्हीचा कप व्हीएसव्हीचाच, तो टेलस्टारच्या नावावर कुणी घातला नाही. मैदान व्हीएसव्हीचं घेतलं. आणि नाव दोघांचंही नाही. आदल्या वर्षी, जुलै १९६२ ला, अमेरिकेनं टेलस्टार नावाचा उपग्रह सोडला होता, अटलांटिकपलीकडनं थेट टीव्हीचं चित्र आणणारा पहिला. तेव्हा तो घरोघरी बोलण्याचा विषय. तेच नाव उचललं. उपग्रहावर कुठल्या गल्लीचा हक्क असणार? (१९७० च्या वर्ल्ड कपचा तो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा आदिदासचा बॉल आहे ना, त्याचंही नाव टेलस्टार, त्याच उपग्रहावरनं.)

एक झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६४ ला, वरच्या डिव्हिजनला गेले आणि १९७८ पर्यंत टिकले. शेवटच्या सीझनला त्यांच्याकडं मिडफिल्डला कोण होता माहितीय? लुई फान खाल. पुढं अयाक्स या हॉलंडच्या मोठ्या क्लबला १९९५ ला युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा कोच तोच. त्याच सीझनला टेलस्टार खाली गेला, आणि मग तिथंच राहिला.

बंद का नाही पडला, ते आता. जेवायला बोलावतायत, येतो.

पंचगंगा_टॅकल

कोल्हापुरातनं बोलतोय. उंटकाका, माहिती झकास, पण हे आपल्याकडं चालायचं नाही. शाहू स्टेडियमवर माणूस फुटबॉल बघायला येत नाही, आपली तालीम बघायला येतो. पाटाकडील आणि दिलबहार एक करून दाखवा, मग टेलस्टारचं बोलू. पब्लिक स्टेडियमचे दगड काढंल.

आणि लेफ्टविंगराव, पोरं आम्ही 'उचलली' नाहीत. ती स्वतः येतात. आमच्याकडं गर्दी असते म्हणून येतात.

मिरज_लेफ्टविंग

येतात म्हणे. तुमचा माणूस बाइक घेऊन आमच्या ग्राउंडच्या कडेला उभा असतो ते काय वारं खायला?

उंटकाका, या लवकर जेवून.

हरिपूरचा_उंट

आलो. पंचगंगाचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण पाटाकडीलला अकरा मिळायची मारामार आहे का? नाही ना. ज्याचं पोट भरलंय त्यानं एकत्र यायचं कारणच नाही. टेलस्टार झाला तो दोघांचीही खिशाची तळं दिसायला लागली म्हणून, प्रेमानं नव्हे.

आता ४७ वर्षांचं. लोकांना वाटतं जिद्द वगैरे. जिद्द असेलच, पण खरं कारण रचनेत आहे. हॉलंडमध्ये आधी प्रोफेशनलच्या तीन पायऱ्या होत्या. सगळ्यांत खालची १९७१ ला काढून टाकली. राहिल्या दोन. दुसरीच्या खाली थेट हौशी फुटबॉल, आणि मधला दरवाजा बंद. कितीही शेवटी आलास तरी खाली ढकलत नव्हते. २०१० च्या आसपास तो दरवाजा उघडायचा प्रयोग झाला, पण तो फार टिकला नाही. म्हणजे टेलस्टार तळाला असला तरी प्रोफेशनलच राहिला. पडायला खाली जागाच नव्हती.

मग मरतं कोण? कर्जवाला. टेलस्टारच्या शेजारचंच हारलेम घे. तो क्लब १८८९ चा, १९४६ चा राष्ट्रीय चॅम्पियन. हॉलंडचा गाजलेला खेळाडू रूड खुलिट, त्याची सुरुवात तिथली. १९८२ ला यूएफा कपमध्ये मॉस्कोला स्पार्टाकविरुद्ध खेळायला गेले, त्या रात्री लुझ्निकी स्टेडियमच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकडा ६६ मृतांचा, आणि तो आकडासुद्धा सोव्हिएत सरकारनं बाहेर यायला वर्षं लावली. एवढा इतिहास असलेला क्लब जानेवारी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेला, सीझन अर्धवट टाकून. मैदानावर हरून नव्हे, देणी देता आली नाहीत म्हणून. २०११ ला रोझेंडालचा आरबीसी, २०१३ ला आपेलडोर्नचा एजीओव्हीव्ही आणि फेनडाम, सगळे त्याच वाटेनं गेले. टेलस्टारपेक्षा हारलेमचं नाव कितीतरी मोठं होतं. टेलस्टारनं काय केलं? विशेष काही नाही. लहान मैदान, लहान पगार, दुसऱ्यांची उसनी पोरं, आणि शुक्रवारी येतील तेवढी माणसं. मला तर हेच त्यांचं मोठेपण वाटतं, पण मी हिशेबाचा माणूस, फाउंड्रीत स्टोअर सांभाळलं.

आणखी एक, तुझ्या बैठकीसाठी. २००१ ला क्लबच्या नावात जुन्या भांडणातलं एक नाव परत घुसलं, स्टॉर्मफोगेल्स टेलस्टार असं झालं. २००९ ला परत नुसतं टेलस्टार. मधली आठ वर्षं व्हीएसव्हीवाल्या घरांत काय बोलणं झालं असेल त्याचा विचार तू कर.

अजिंक्यतारा_अल्ट्रा

सातारकर हजर. २०२५ चं मी सांगतो, प्ले-ऑफ रात्री जागून बघितल्यात.

त्यांच्याकडं दुसऱ्या डिव्हिजनचे पहिले दोन सरळ वर जातात. तिसऱ्या जागेसाठी प्ले-ऑफ, त्यात दुसऱ्या डिव्हिजनचे सहा आणि वरच्या डिव्हिजनचा सोळाव्या नंबरचा संघ. त्यात अजून एक भानगड आहे. सीझनचे चार तुकडे करतात, आणि एखाद्या तुकड्यात सगळ्यांत जास्त पॉइंट मिळवले तरी प्ले-ऑफचं दार उघडतं. म्हणजे छोट्या क्लबला दीड-दोन महिने पिसाटासारखं खेळता आलं तरी संधी आहे. अयाक्स, पीएसव्ही यांचे ज्युनियर संघ त्याच लीगमध्ये खेळतात, पण त्यांना वर जाता येत नाही.

फायनल विलेम टूशी. तो १८९६ चा क्लब, वरच्या डिव्हिजनमधनं घसरत आलेला. टेलस्टारच्या घरी २-२. दुसरी मॅच टिलबर्गला, सगळे म्हणत होते संपलं यांचं. ३-१ नं जिंकले. कोच अँथनी कोरेया, गोलमध्ये रोनाल्ड कुमन ज्युनियर, म्हणजे हॉलंडच्या तेव्हाच्या कोचचा मुलगा. शिट्टी वाजली तेव्हा आमच्या घरात आई उठून बाहेर आली, वाटलं कुणाचं काय झालं. आणि वर गेल्यावर पहिलीच मॅच कुठं, तर अयाक्सच्या घरी. २-० हरले. पण ४७ वर्षांनी पहिलं पान तिथं उघडायचं, अजून काय पाहिजे?

खणभाग_एक्सप्रेस

बरं, टाटांचा नाही. मानलं. नाव उपग्रहाचंच पाहिजे असलं तर 'आर्यभट स्पोर्ट्स, मिरज' ठेवा की.

मिरज_लेफ्टविंग

हसू नका, आर्यभटला दोघांतल्या कुणाचाच विरोध दिसत नाही. आत्ताच दोघांच्या ग्रुपवर टाकून बघितलं. एकानं फक्त विचारलं की दुसऱ्या मंडळाच्या अध्यक्षांच्या नातवाचं नाव आर्य आहे, हे मुद्दाम का? काय बोलायचं आता.

उंटकाकांचं वाचून मी असं मांडणार आहे: सोळाखालच्या पोरांचे संघ दोघांचे वेगळेच राहू देत, जुन्या ट्रॉफ्या आपापल्या कपाटात. फक्त सीनियर संघ एक. ग्राउंड त्यांचं, कारण आमच्यावर पावसाळ्यात पाणी साठतं. जर्सी पांढरी म्हटलं तर आमचा गोलकीपर म्हणतो काळ्या मातीत धुणार कोण. तो प्रश्न बाकी आहे.

पैशाचं मात्र अवघड आहे. गेल्या वर्षीच्या टूर्नामेंटचे मंडपवाल्याचे पैसे आमच्याकडनं अजून द्यायचेत, आणि त्यांच्याकडंही काहीतरी थकलंय असं ऐकतोय. कुणी कबूल करत नाही.

पंचगंगा, तुम्हीपण या. पोरं परत घ्यायची नाहीत, घाबरू नका.

पंचगंगा_टॅकल

येतो. पण मिसळ तुमच्याकडची नको, मी घरनं खाऊन येणार.

हरिपूरचा_उंट

आधी ते थकलेलं काय ते कागदावर येऊ दे. नवीन संघाच्या नावानं एक रुपया गोळा करायच्या आत जुनी देणी ज्याची त्यानं फेडायची, हे पहिल्या ओळीत लिहून सह्या घ्या. जर्सीचा रंग त्यानंतर.

रविवारी ठेवणार असाल तर पाचनंतर ठेवा, त्याआधी माझा पोरांचा बुद्धिबळाचा क्लास असतो. आणि हिशेबाच्या वह्या दोन्ही मंडळांच्या आणा, नुसत्या तोंडी बेरजा नकोत.