मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यातली काळी माती, गोदामाची फरशी आणि चुना-राख

पूर्णाकाठ
दर्यापूर तालुक्यात शेतकरी गटाचं 9 × 6 मीटरचं गोदाम बांधायचं आहे. शेजारच्या जुन्या गोदामाची फरशी मधोमध उचलली आहे, कडेला भिंतीपासून सुटली आहे, पावसाळ्यात दार घासतं. आमच्या गाळाच्या पट्ट्यात मुरूम लांबून आणावा लागतो, ब्रासचा भाव झेपत नाही. म्हणून जागच्याच मातीत सिमेंट न घालता काही मिसळून ती बसवता येईल का? फुगवण पाहिली आहे: 425 मायक्रॉन चाळणीखालची 10 ग्रॅम माती, 24 तासांनी केरोसीनमध्ये (त्यात माती फुगत नाही) 11 मिली, पाण्यात 23 मिली. पारसच्या वीजकेंद्राची राख मिळू शकते. चुना किती घ्यायचा? पाया आणि फरशी दोन्हीला चालेल का? पऱ्हाटीची राखही ढीगभर पडली आहे.

जोतेवाला
भाऊ, (23 − 11) भागिले 11, म्हणजे 109 टक्के. माती वर्गीकरणाच्या भारतीय मानकानुसार (आयएस 1498) 100 ते 200 म्हणजे 'जास्त फुगणारी'.

पायाचं आधी. चुन्यावर पाया टेकवू नका. तुम्ही बांधणार वरचे 30 सेंमी, आणि माती ऋतूप्रमाणे हलते ती दोन-तीन मीटर खोलपर्यंत. पायाला अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगा असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब घ्या. साधारण 3.5 मीटर खोल, तळाचा फुगा खांबाच्या अडीचपट व्यासाचा, लोखंड इंजिनिअरकडून काढून घ्या. प्लिंथ बीमखाली (पाइलवरची, भिंत पेलणारी तुळई) 8 सेंमी पोकळी ठेवतात ती मिस्त्री हमखास मुरूम ठासून भरतो. भरू देऊ नका, माती फुगली की तिथूनच बीम उचलते.

जुनी फरशी मधोमध का उचलली, तर छपराखालच्या मातीतली ओल उडून जात नाही. ती मध्ये साठत जाते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळून आकसते. चुना-राखेचा थर कामाचा आहे तो इथं, फरशीखाली.

चुनाभट्टी
प्रमाण अंदाजानं ठरवू नका, सामूने (pH) ठरवा. 20-20 ग्रॅम कोरड्या मातीत 0.6, 0.8, 1.0 आणि 1.2 ग्रॅम विरवलेला चुना (3 ते 6 टक्के), प्रत्येकात 100 मिली शुद्ध पाणी. तासभर, दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवा आणि मीटरने सामू मोजा. कागदी पट्टी नको. ज्या सर्वांत कमी चुन्यावर सामू 12.4 होतो, तेवढा किमान चुना. भारी काळ्या मातीत हे बहुधा 4 ते 6 टक्क्यांत बसतं.

चुना ताजा हवा. उघडा पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा खडू होतो. चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाका, जोरात फेस आला तर ते पोतं परत. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतातच, मग वेगळा चुना कशाला, असंही कुणी सांगेल. तीही कार्बोनेटच, मातीशी काही करत नाही.

पऱ्हाटीची राख शेतात टाका. तिच्यात पोटॅश भरपूर, सिलिका कमी. बंधक म्हणून तिचा भरवसा नाही.

गोट्याखालची_माती
दोघांनीही गावाचं नाव नीट वाचलं नाही. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, इथल्या जमिनीत आणि भूजलात क्षार जास्त. चुना आणायच्या आधी मातीतलं सल्फेट तपासा. सल्फेट, चुना आणि चिकणमातीतला अ‍ॅल्युमिना मिळून एट्रिंजाइटचे सुईसारखे स्फटिक बनतात आणि ते पाणी धरून फुगतात. म्हणजे फुगवण थांबवायला घातलेला चुनाच फरशी उचलतो, तेही सहा-आठ महिन्यांनी, ठेकेदाराचं बिल निघाल्यावर. मातीच्या किलोला सल्फेट 3000 मिग्रॅच्या आत असेल तर पुढे जा. 3000 ते 8000 मध्ये चुना कमी करून स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) वाढवा: चाचणीसाठी चुना 1.5 टक्का, दळलेला स्लॅग 6 टक्के. त्याच्या वर असेल तर चुन्याचा नाद सोडा आणि मुरूमच आणा, महाग पडला तरी. आणि मिसळायला बोअरचं खारं पाणी नको.

पूर्णाकाठ
सल्फेटचा अहवाल आला, किलोला 1100 मिग्रॅ. सामू 4 टक्क्यांवर 12.4 झाला. आता राख किती आणि काम कसं करायचं?

जोतेवाला
मग चुना 4, राख 12 टक्के. राख कोरडी, धूर गाळणाऱ्या यंत्राखालची घ्या. राखेच्या तळ्यातली जाड असते, तिची चुन्याशी क्रिया मंद. आपल्याकडच्या राखेत स्वतःचा चुना फार थोडा असतो, त्यामुळे नुसती राख मिसळून काही होत नाही.

15 सेंमीचे दोन थर. 54 चौमी × 0.30 × 1.45 टन, म्हणजे सुमारे 23.5 टन कोरडी माती. चुना 940 किलो, राख 2.8 टन. एका थराला चौरस मीटरमागे 8.7 किलो चुना येतो. 25 किलोचं पोतं असेल तर 1.7 × 1.7 मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकाला दोन्ही वेळचं मिळून एक पोतं.

माती वखरून, रोटाव्हेटर मारून ढेकळं 25 मिमीच्या आत आणा. निम्मा चुना पसरून मिसळा, पाणी मारा, ताडपत्री टाकून एक-दोन दिवस मुरू द्या. चिकट माती रवाळ होते, मग उरलेला चुना आणि राख घालून पुन्हा रोटाव्हेटर. ओल इष्टतम ओलीपेक्षा (जिच्यावर माती सर्वांत घट्ट दाबली जाते) 2 टक्के जास्त ठेवा, कारण चुना पाणी खातो. त्याच दिवशी रोलर. कोपऱ्यात रोलर जात नाही, तिथं धुमस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, नाहीतर तिथंच फरशी बसते. नंतर सात दिवस ओली पोती.

हातमोजे, चष्मा, नाकाला फडकं. चुनकळी (न विरवलेला चुना) जागेवर विरवू नका, वाफेनं मजूर भाजतो.

चुनाभट्टी
थर कापून फिनॉल्फ्थॅलिन फवारा. गुलाबी झालं तिथं चुना पोचला, पांढुरके पट्टे राहिले तर पुन्हा मिसळा. हे रोलर फिरायच्या आधी करा, नंतर रोटाव्हेटर चालत नाही. शिवाय मुठीएवढा दाबलेला गोळा सात दिवस ओल्या पोत्यात ठेवून बादलीत बुडवा. साधी काळी माती थोड्या वेळात विरघळून पडते, हा गोळा दुसऱ्या दिवशीही आकार धरून हवा.

गोट्याखालची_माती
फरशी प्लिंथ बीमवर टेकवू नका, चारही बाजूंनी 20 मिमी सांध्यात डांबरी पट्टी. बाहेर दीड मीटर रुंद ओटा, मीटरला 2-3 सेंमी उतार, छपराचं पाणी पन्हाळीनं लांब. कडुनिंब भिंतीलगत असेल तर आधी सांगा.

पूर्णाकाठ
आहे, चार मीटरवर. तोडायचा का?

गोट्याखालची_माती
तोडला तर मुळांनी सुकवलेली माती पुढची काही वर्षं ओल घेत फुगत राहील. गोदामच आठ-दहा मीटर सरकवा. जागा नसेल तर त्या बाजूच्या पाइलची खोली वाढवायला इंजिनिअरला सांगा.