मदत हवी आहे : बारा वर्षांनी बेंजो काढला, पण वरचे सूर चढे लागतात

लालबाग ते डोंबिवली (धागाकर्ता)
नमस्कार. बारा वर्षांनी माळ्यावरून बेंजो खाली काढला. तारा गंजून काळ्या पडल्या होत्या, त्या गेल्या रविवारी बदलल्या. मोकळी तार ट्यूनरवर अचूक षड्ज दाखवते आणि सुरुवातीची चार-पाच बटणेही ठीक बोलतात. परंतु हात जसजसा उजवीकडे सरकतो तसतसा सूर चढत जातो, आणि वरच्या सा पर्यंत पोहोचेतो तो इतका चढलेला असतो की पुढे वाजवण्याची इच्छाच उरत नाही. दुकानदाराने वाद्य पिशवीतून बाहेरही न काढता "नवीन घ्या" असे सांगितले. मला नवीन घ्यायचा नाही. गणपतीला तीन आठवडे उरले आहेत आणि संगमेश्वराकडच्या आमच्या वाडीत आरतीला वाजवीन, असा शब्द मी देऊन बसलो आहे. कृपया कोणी वाद्याचा इतिहास सांगू नये, उपाय सांगावा.

नॉर्थ कॅरोलायनाकर
बँजो पाच तारांचा आहे की चार तारांचा, हे आपण लिहिलेले नाही. पाच तारांचा धरून चालतो. पहिली शक्यता अशी की वाद्याचे कातडे ढिले पडल्याने घोडी (ज्यावर तारा टेकतात तो आडवा तुकडा) खाली बसली असेल. कडेच्या हुकांचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत. दुसरी शक्यता मला अधिक वाटते. बँजोची घोडी चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबावर उभी असते, त्यामुळे सगळ्या तारा एकदम उतरवल्या की ती जागा सोडते. आपण तारा एकेक करून बदलल्या की सगळ्या एकदम? माझेही वादन मध्ये सात वर्षे बंद होते. पुन्हा सुरुवात करताना अर्ल स्क्रग्ज या बँजोवादकाच्या तीन बोटांच्या वेगामागे लागू नका, क्लॉहॅमरने, म्हणजे नखाने तार वरून खाली छेडण्याच्या पद्धतीने, हात मोकळा होऊ द्या, एवढेच अनुभवाने सांगतो.

लालबाग ते डोंबिवली
पाच तारांचा नाही आणि त्याला कातडेही नाही. बटणांचा बेंजो आहे. आपल्याकडे बेंजो म्हटल्यावर हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते.

शुद्धमती
शीर्षकातच दोष आहे. मूळ उच्चाराला जवळचे रूप "बँजो" असे आहे. एकाच धाग्यात दोन रूपे पाहून वाचकाचा गोंधळ होतो.

तारषड्ज
गोंधळ रूपामुळे झालेला नाही, वाद्यच वेगळे असल्यामुळे झाला आहे. लालबाग-परळच्या पथकांत वाढलेला माणूस बेंजोच म्हणणार. मी स्वतः अठरा वर्षे बेंजो पार्टीत, म्हणजे वाजवणाऱ्या पथकात, लीड (मुख्य चाल) वाजवला आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. आपण तारा कोणत्या चढवल्या? दुकानात बेंजोच्या तारा मिळाल्या नाहीत की लोक गिटारचा सेट घेऊन येतात, त्यातली हाताला लागेल ती तार बसवतात आणि मग वाद्याला दोष देतात. जाड तार ताठ असते, त्यामुळे ती पडदीवर (तारेखालच्या आडव्या पट्टीवर) दाबली की सूर चढतो. गिटारची सगळ्यात बारीक तार किंवा मेंडोलीनची पोलादी तार लावा, प्रश्न मिटेल. मात्र गिटारच्या तारेच्या टोकाला धातूची गोळी असते आणि मेंडोलीनच्या तारेला फास असतो, तेव्हा आपल्या बेंजोच्या मागच्या खिळ्याला काय बसते ते पाहूनच खरेदी करावी.

जुने ते सोने
धागाकर्त्यांनी मनाई केली आहे, तरीही अपुरी माहिती फिरू नये म्हणून लिहितो. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते बुलबुल तरंग होय आणि त्याचे मूळ जपानी ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोया येथील मोरिता गोरो यांनी ते १९१२ साली तयार केले आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ताइशो राजवटीचे नाव त्याला मिळाले. तंतुवाद्याला टंकलेखन यंत्रासारखी बटणे जोडावीत, ही त्यामागची कल्पना. बलुचिस्तानात याच कुळातले मोठे वाद्य बेंजू या नावाने लोकसंगीतात वाजते. अमेरिकेतला बँजो हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांपासून घडला, म्हणजे या दोघांचा नावापलीकडे संबंध नाही.

लालबाग ते डोंबिवली
धन्यवाद, परंतु मोरिता गोरो यांना माझा वरचा सा उतरवता येणार नाही. तारषड्ज, तारा मेंडोलीनच्याच आहेत आणि एकदा बदलूनही पाहिल्या. नॉर्थ कॅरोलायनाकर, तारा दोन्ही वेळा एकदमच काढल्या होत्या. आतली धूळ पुसायची होती.

नॉर्थ कॅरोलायनाकर
मग घोडी पाहा. वाद्य वेगळे असले तरी तारेला ते ठाऊक नसते.

तारषड्ज
पाचतारी वाद्याचा न्याय इथे लावू नये. बेंजोच्या पुष्कळ कारागिरांची घोडी पक्की बसवलेली असते. माझा अनुभव तारांकडेच बोट दाखवतो.

गणिती काका
भांडण मोजपट्टीने मिटवता येईल. मोकळी तार ५० सेंमी आहे असे धरा. वरच्या सा ची पडदी बरोबर मध्यावर, म्हणजे २५ सेंमीवर असते. घोडी पडद्यांच्या दिशेने केवळ अर्धा सेंमी सरकली, तर मोकळी तार ४९.५ सेंमी उरते आणि वरच्या सा ला २४.५ सेंमी. आपण खुंटी पिळून मोकळी तार पुन्हा षड्जात आणतो, त्यामुळे तिथे दोष दिसत नाही, परंतु ४९.५ भागिले २४.५ हे उत्तर २ न येता सुमारे २.०२ येते. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर त्यांतले जवळपास १८ भाग सूर चढा लागेल आणि खालच्या बटणांवर हाच फरक कमी जाणवेल. धागाकर्त्यांचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. मोकळ्या तारेची लांबी वरच्या सा च्या पडदीपासून घोडीपर्यंतच्या अंतराच्या दुप्पट भरते का, ते मोजा. ट्यूनरवर सा चढा दिसला तर घोडी पडद्यांपासून दूर न्या, उतरलेला दिसला तर जवळ आणा आणि प्रत्येक वेळी मोकळी तार नव्याने मिळवा.

सोसायटी सेक्रेटरी
मापे घ्याच, परंतु ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही, याचीही जाणीव असावी. आमच्या इमारतीत एकाने असाच सराव सुरू केला होता.

लालबाग ते डोंबिवली
मी पिकअपची (तारांचा आवाज भोंग्याकडे नेणाऱ्या यंत्राची) वायरच जोडलेली नाही. तसाच वाजवतो.

सासर चिपळूण
विषयाला सोडून विचारते, राग मानू नये. शब्द देण्याइतकी ओढ होती, तर बारा वर्षे वाद्य माळ्यावर का राहिले?

लालबाग ते डोंबिवली
राग कसला. सुपाऱ्यांनी राहिले. लग्नसराईत रात्रीमागून रात्र तीच सहा-सात गाणी वाजवायची, मागे ढोल, ताशे आणि ऑक्टोपॅड, समोर भोंगे, आणि वरातीतला कोणीतरी कानाशी येऊन तेच गाणे पुन्हा मागणार. एका मे महिन्यात घरी आलो, बेंजो पिशवीत घातला आणि पुढच्या सुपारीला बदली माणूस पाठवला. त्यानंतर पिशवी उघडलीच नाही. गेल्या महिन्यात माळ्यावरच्या गळक्या नळासाठी प्लंबर आला, तेव्हा अडचण होते म्हणून ती खाली काढली. नखी अजून तारांखाली खोचलेली होती. वाजवायचे असे काही ठरवले नव्हते, पण आरतीची पहिली ओळ सुरू केली आणि कोणते बटण पुढे येते हे मला आठवण्याआधी डावा हात तिथे पोहोचलेला होता. आणखी एक गोष्ट त्या रात्री कळली. हे वाद्य मी आयुष्यभर भोंग्यातूनच ऐकले होते. वायर न जोडता, खिडकी लावून, मांडीवर घेऊन वाजवल्यावर बाजूच्या साथीच्या तारा मागे किती वेळ गुणगुणत राहतात, हे माझ्या कानावर कधी पडलेच नव्हते. तेव्हापासून जेवण झाले की मी पाट ओढून बसतो. म्हणून तो वरचा सा इतका खुपतो.

तारषड्ज
हे आधी लिहिले असते तर मी इतक्या तावातावाने लिहिले नसते. पार्टीतल्या बहुतेकांचे असेच होते. घोडी पाहा.

लालबाग ते डोंबिवली
पाहिली. ती पक्की बसवलेली नाही. आज सकाळी बॅटरी घेऊन खाली वाकलो, तर घोडीच्या मागे पॉलिशवर फिकट पट्टा दिसला, नेमका घोडीच्या पायाएवढा रुंद. वर्षानुवर्षे ती तिथे उभी होती आणि धूळ पुसून झाल्यावर मी तिला जेमतेम सहा मिलिमीटर पुढे ठेवून दिले होते. तारा सैल केल्या, घोडी त्या पट्ट्यावर मागे सरकवली, तार पुन्हा मिळवली. वरचा सा आता ट्यूनरवर काट्याला काटा येतो. नॉर्थ कॅरोलायनाकर आणि गणिती काका, दोघांचे मनापासून आभार.

परंतु दोन बटणे दाबल्यावर लगेच वर येत नाहीत, त्यामुळे जलद लयीत पुढचा सूर अडकतो. स्प्रिंग बदलावी लागेल का, आणि ती कुठे मिळेल?

तारषड्ज
कोणती दोन बटणे, वरच्या ओळीतली की खालच्या? पट्टीला गंज आहे की स्प्रिंग बसली आहे? फोटो टाका. आणि तारा बारीकच ठेवा, हे माझे म्हणणे कायम आहे.