नोटा दाबायचा की घरी बसायचं?

नवमतदार:
यंदा पहिल्यांदा यादीत नाव आलंय पण आमच्याकडचा एकही उमेदवार पटत नाही. घरचे म्हणतात उन्हात रांगेत उभं राहून नोटा (मशीनवरचं 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण) दाबण्यापेक्षा घरी बस, दोन्ही एकच. खरंय का? आणि नोटाला जास्त मतं पडली तर इलेक्शन रद्द होतं म्हणे?

नियमवाचक:
लोकसभा विधानसभेला रद्द होत नाही, नोटा पहिला आला तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या नंबरवर होता. महापालिका नगरपालिकेचं वेगळं, आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ ला आदेश काढला की नोटा सगळ्यात पुढे असेल तर पुन्हा निवडणूक.

इलेक्शन ड्युटीवाला:
दोन्ही एकच मुळीच नाही. आधी ४९-ओ नियम होता, म्हणजे मतदारांच्या सह्यांच्या १७-अ रजिस्टरमध्ये सही झाल्यावर केंद्राध्यक्षाला तोंडाने सांगायचं की मला मत द्यायचं नाही, मग तो तुमच्या नावापुढे शेरा लिहिणार, त्यावर तुमची परत सही, आणि हे सगळं तिथं बसलेल्या पोलिंग एजंटांच्या, म्हणजे उमेदवारांच्या माणसांच्या, डोळ्यांदेखत. एजंट ओळखीपाळखीचेच असतात, कोण धजणार? २७ सप्टेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नकारसुद्धा गुप्त राहिला पाहिजे, तेव्हा मशीनवर हे बटण आलं. आता शेवटचं बटण दाबा, बीप सगळ्यांसारखाच वाजतो. घरी बसलात तर आजारी, आळशी, परगावी गेलेले आणि तुमच्यासारखे नाराज सगळे एकाच आकड्यात जातात, तुमचा नकार वेगळा मोजलाच जात नाही.

साधा माणूस:
हे पटलं, तरी मी नोटा शेवटी ठेवीन. २००८ ला राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पडले, एका! कोणीतरी निवडून येणारच आहे, मग त्यातल्या त्यात बरा कोण हे बघायला नको का? उमेदवारांची ॲफिडेव्हिट आयोगाच्या साइटवर असतात, गुन्हे, संपत्ती, शिक्षण सगळं. अपक्षांचीसुद्धा वाच, त्यांच्याकडे कोणी बघतच नाही.

नवमतदार:
अपक्षांचं खरंच बघितलं नव्हतं, आज वाचतो. जाणार हे नक्की. व्होटर स्लिप आली नाही तर?

इलेक्शन ड्युटीवाला:
अडत नाही. यादीत नाव हवं आणि मतदार कार्ड किंवा आधार, पॅन, लायसन्स यातलं एक ओरिजिनल. नुसती स्लिप ओळख म्हणून चालत नाही. यादीतला भाग आणि अनुक्रमांक आधीच बघून ठेव म्हणजे टेबलावर शोधाशोध नको, मोबाइल मात्र आत नेऊ नकोस.