सफकमधलं कुडाच्या भिंतींचं जुनं घर: स्वयंपाकघराच्या भिंतीला लोणा लागलाय, केमिकल भरावं का?

कोथरूडची_माई
मुलगी-जावयाने इंग्लंडमध्ये सफक काउंटीत, लॅव्हनमजवळच्या खेड्यात घर घेतलंय. ओकच्या लाकडाचा सांगाडा, सोळाव्या शतकातलं, ग्रेड २ लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित वास्तूंच्या यादीतलं. स्वयंपाकघराची बाहेरची भिंत खालून अडीच-तीन फूट ओली आहे, आतला गिलावा हात लावला की भुगा होऊन पडतो. बाहेरून करडं सिमेंट प्लास्टर आहे आणि त्याला उभ्या बारीक भेगा. तिथला कंत्राटदार म्हणतो, भोकं पाडून ओल अडवणारं केमिकल भरू आणि आतून वॉटरप्रूफ प्लास्टर मारू. वाड्यांची कामं करणारी मंडळी इथे आहेत म्हणून विचारते. करावं का?

चुन्याची_घाणी
माई, आधी केमिकलला नाही कळवा. ते विटांच्या दरजांत मुरावं म्हणून भोकं पाडतात. या घरात विटा किंवा गारगोटी फक्त जोत्याला, जेमतेम फूट-दीड फूट. जोत्यावर आडवी ओकची तुळई, तिच्यात खाचून बसवलेले उभे खांब, खांबांच्या मध्ये हेझलच्या काठ्या आणि त्यांवर माती, भुसा, शेण. थोडक्यात, कोकणातल्या कुडाच्या भिंतीची चुलत बहीण. केमिकल मुरणार कुठे?

खरा गुन्हेगार बाहेरचं सिमेंट असण्याची शक्यता जास्त. ओक हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतो-आकसतो, सिमेंट ताठ राहतं, म्हणून खांबाच्या कडेने त्या उभ्या भेगा. भेगेतून पाऊस आत ओढला जातो आणि सिमेंट त्याला बाहेर सुकू देत नाही. मग पाणी खाली उतरतं, तुळईवर साचतं, कूड विरघळून चिखल होतो. आतून वॉटरप्रूफ प्लास्टर मारलं की उरलेली वाटही बंद. दोन-तीन वर्षं भिंत कोरडी दिसेल आणि तोवर तुळई कुजेल.

मुलीला पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहून बघायला सांगा: पन्हळ कुठे गळते, पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीवर येतं का. शिवाय बाहेरची माती घरातल्या जमिनीपेक्षा १५० ते २०० मिलिमीटर खाली हवी. पिढ्यान्‌पिढ्या फुलझाडांचे वाफे आणि फरसबंदी करून ती चढलेली असते. नुसती माती उतरवून भिंत सुकल्याची उदाहरणं भरपूर आहेत. आणखी एक, कंत्राटदार ओल मोजायचं दोन टोकांचं मीटर भिंतीला टोचून आकडा दाखवेल. लोणा म्हणजे भिंतीवर फुलणारे क्षार, त्यांनीही तो आकडा चढतो, त्यावर विसंबू नये.

कडीपाट
वरच्याशी सहमत. पण छिन्नी लावण्याआधी परवानगीचं बघा. तिथलं लिस्टिंग घराच्या आतल्या भागालाही लागू असतं; ग्रेड २ म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा, हा समज चूक. वास्तूचं स्वरूप बदलणारं काम लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि कारवाईला मुदतीची मर्यादा नाही. आधीच्या मालकाने केलेलं बेकायदा काम निस्तरण्याची नोटीसही आत्ताच्या मालकाच्या हातात पडू शकते. लॅव्हनम बेबर्ग डिस्ट्रिक्ट कौन्सिलमध्ये येतं. गावाचं कौन्सिल कुठलं ते बघून तिथल्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या वास्तूंचं काम बघणारा अधिकारी) फोटोंसकट लिहा. कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, निर्णयाला साधारण ८ आठवडे धरा. विल्यम मॉरिस वगैरेंनी १८७७ मध्ये काढलेली एस.पी.ए.बी. ही संस्था जुन्या घरांबद्दल फोनवर तांत्रिक सल्ला देते, तिथेही विचारा.

कोथरूडची_माई
सिमेंट काढायची वेळ आली तर? आणि चुन्यात आपल्यासारखा गूळ, बेलफळ घालायचं का? जावई म्हणतात, प्लास्टर काढलंच आहे तर लाकूड उघडंच ठेवू, छान दिसेल.

चुन्याची_घाणी
परवानगी हातात आल्यावर आधी एका कोपऱ्यात मीटरभर चौकोनात काढून बघायचं. छिन्नी-हातोडीनेच. ब्रेकर लावला तर धक्क्याने मागचं कूडही गळून पडेल. उघडी भिंत ताडपत्री जरा लांब धरून, वारा खेळता ठेवून सुकू द्यायची. ठोकताळा असा की इंचाला एक महिना.

मग खांबांवर फाडलेल्या ओकच्या पट्ट्या ठोकायच्या, मध्ये ८ ते १० मिलिमीटर फट. पहिल्या थराचा माल फटीतून पलीकडे जाऊन वळला पाहिजे, प्लास्टर त्यावरच लटकतं. भिजवून किमान तीन महिने मुरवलेला चुना १ भाग, धारदार कणांची वाळू ३ भाग, त्यात बकरीचे केस. थापीवर माल उलटा धरला की कडेने केस दाट लोंबताना दिसले पाहिजेत, तुरळक दिसले तर कमी पडले. थर ९-१० मिलिमीटरच्या वर नको. तिरपे ओरखडे काढून ठेवा, आणि नख दाबल्यावर नुसती खूण उठेल इतका घट्ट झाला की दुसरा. शेवटचा जेमतेम ३ मिलिमीटर. ओलं गोणपाट लावून सावकाश सुकवायचं. वरून साय काढलेल्या दुधाइतका पातळ चुना, रोज एक याप्रमाणे पाच हात. त्यावर प्लास्टिक इमल्शन चुकूनही नको.

गूळ-बेलफळ इथेच राहू द्या. वर्षाचा पाऊस पुण्यात सातशे मिलिमीटरच्या आसपास, सफकमध्ये सहाशेच्या. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत उरकतो आणि मग ऑक्टोबरचं ऊन भिंत भाजून काढतं. तिकडे बारा महिने रिपरिप, आणि कच्च्या चुन्यात पाणी असताना गोठलं तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. एप्रिल ते ऑगस्टमध्येच काम उरकावं. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर थापी हातात घेऊ नये.

लाकूड उघडं ठेवण्याबद्दल: सफकमधली बरीच घरं मुळात किंवा नंतर चुन्याने लिंपलेलीच असायची. काळ्या तुळया, पांढरी भिंत ही बरीचशी व्हिक्टोरियन काळातली हौस. कन्सेंट मिळणं अवघड, आणि लाकूड-कुडाच्या सांध्यातून पाणी शिरेल ते वेगळंच. जावयांना छान दिसणारं हवं असेल तर प्लास्टरवर नक्षी काढायची परंपरा तिथलीच आहे, पार्जेटिंग म्हणतात. इप्सविचचं एन्शंट हाउस त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

वळचण
एक राहिलं. भिंत बाहेरून सुकली तरी घरातली वाफ कुठे जाणार? एक घाणा कपडे आत वाळवले की सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं, वर कुकरच्या शिट्ट्या. सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत ठेवा, छोटा हायग्रोमीटर पुरतो. कपडे एका खोलीत, दार लावून, डीह्युमिडिफायर चालू ठेवून. एक्झॉस्ट फॅनसाठी कुडाच्या भिंतीला भोक पाडायला परवानगी लागेल. त्याआधी जुनं धुराडं बघा: वरून बुजवलेलं असेल तर हवेशीर टोपी बसवता येते का, हे त्याच ऑफिसरला विचारून घ्या. आणि कपाट त्या भिंतीला टेकवून ठेवलं असेल तर आजच दोन इंच पुढे ओढायला सांगा.