कॅमेरा ट्रॅपच्या अहवालातले विभाग कसे सांभाळता?

टिटवी

आमचा कॅमेरा ट्रॅपचा (जंगलात लावलेल्या, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचा) मासिक अहवाल क्वार्टोतून, म्हणजे मजकूर आणि कोड एकत्र करून अहवाल बनवणाऱ्या साधनातून, आपोआप बनतो. फोटो आधी मेगाडिटेक्टर या एआय मॉडेलमधून जातात. तो प्राणी, माणूस आणि वाहन एवढंच वेगळं करतो. प्रजाती आमची माणसं ओळखतात. मग सगळं कॅमट्रॅप डीपी या ठरलेल्या डेटा-मांडणीच्या तीन तक्त्यांत जातं: डिप्लॉयमेंट (कॅमेरा कुठे, कधी लावला), मीडिया (फोटो) आणि ऑब्झर्वेशन (काय दिसलं). प्रत्येक प्रजातीची वेगळी फाइल आहे, ती निटरची (अहवालातला आर भाषेतला कोड चालवणाऱ्या पॅकेजची) चाइल्ड फाइल, म्हणजे उपफाइल, म्हणून मुख्य फाइलमध्ये येते. इथवर ठीक.

पण आता साहेबांना दोन पानी अहवाल हवाय, संशोधकांना सगळा, आणि बाहेर जाणाऱ्या प्रतीत कॅमेऱ्यांच्या जागा नकोत. त्यामुळे मुख्य फाइलीच तीन झाल्यात. एकीत दुरुस्ती केली की दुसरीत राहून जाते. ज्या प्रजातीची नोंद नाही तिचा विभाग मी अट लावून गाळते. आणि सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट: गेल्या महिन्यात सारांशात बिबट्याच्या ४१ नोंदी आणि बिबट्याच्या विभागात ३८. डेटा तोच! विभाग जोडण्याची पद्धतच बदलू का?

मचाण

जोडणी राहू द्या, रोग तिथे नाही. ४१ आणि ३८ वाचून माझा पहिला संशय असा, की तुमच्याकडे काही ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे असणार. ३० मिनिटांच्या आतले त्याच प्रजातीचे फोटो आपण एकच नोंद धरतो. पण एका फाइलीत ही ३० मिनिटं कॅमेऱ्यागणिक मोजली आणि दुसरीत ठिकाणागणिक, तर एकच बिबट्या जाता जाता दोन नोंदी देऊन जातो. कॅमट्रॅपआर या आरच्या पॅकेजमध्ये हे ठरवायला वेगळा पर्याय आहे. तो दोन्हीकडे कसा लावलाय ते बघा.

खरं म्हणजे विभागांनी मोजायचंच नाही. अहवालाच्या आधी एक स्क्रिप्ट चालवा आणि स्वतंत्र नोंदी, ट्रॅप नाइट्स (एक कॅमेरा एक रात्र चालला की एक), दर १०० ट्रॅप नाइट्समागचं प्रमाण, सगळं एकदाच काढून ठेवा. विभागाने ते वाचायचं आणि छापायचं, बस. विभागाच्या फाइलीत मला कुठे बेरीज दिसली की मी ती उचलून वर, त्या स्क्रिप्टमध्ये नेतो. सहकारी वैतागतात. वैतागोत.

विभाग गाळण्याला मात्र माझा ठाम विरोध. रानकुत्र्यांचं पान नसलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? कॅमेरे चालू होते आणि रानकुत्रे आलेच नाहीत? बॅटरी संपून अर्धे कॅमेरे बंद पडले होते? की फोटो आलेत आणि ओळखायचे राहिलेत? तिन्हीचा अर्थ पार वेगळा. पहिली गोष्ट माहिती आहे, दुसरी आणि तिसरी माहिती नसणं आहे. म्हणून आमच्याकडे प्रत्येक विभाग कायम येतो आणि नोंद नसली तर त्यात एकच ओळ असते: ‘६२० ट्रॅप नाइट्स, नोंद नाही’, किंवा ‘कॅमेरे बंद, निष्कर्ष काढता येत नाही’, किंवा ‘ओळख बाकी’. कोणती ओळ छापायची ते ती आधीची स्क्रिप्टच ठरवते.

पगमार्क

तीन मुख्य फाइलींऐवजी एकच ठेवा आणि क्वार्टोचे प्रोफाइल वापरा. कोणता मजकूर कोणत्या प्रोफाइलमध्ये दिसावा हे त्यात ठरवता येतं.

पण जागा लपवायला त्यावर विसंबू नका. मजकूर दिसत नसला तरी आतला कोड चालतोच. शिवाय एचटीएमएलमध्ये हलता-फिरता नकाशा टाकलात, तर लेबल काढूनही पानाच्या सोर्समध्ये अक्षांश-रेखांश जसेच्या तसे सापडतात. बाहेरच्या प्रतीसाठी डेटाच वेगळा बनवा, त्यातून जागा आधीच काढून टाकलेल्या असू देत.

अजून एक. फ्रीझ (आधी चाललेल्या कोडचे निकाल जपून ठेवण्याची क्वार्टोची सोय) ‘ऑटो’वर ठेवलं असेल तर क्वार्टो फक्त मूळ फाइल बदलली का ते बघतो, डेटा बदलला का ते नाही. नवा महिना आणि जुने आकडे, असा प्रकार त्यातूनच होतो. मासिक अहवालात ते बंदच बरं.

टिटवी

मचाण, समोरासमोर कॅमेरे आहेत! सारांशात कॅमेऱ्यागणिक मोजलं जात होतं. आता हिशेब वर नेते. पण दोन पानी प्रतीत ‘नोंद नाही’चे इतके विभाग आले तर साहेब पहिल्याच पानावर थांबतील.

मचाण

त्या प्रतीत विभाग नकोत, शेवटी एक छोटा तक्ता द्या: प्रजाती, ट्रॅप नाइट्स, स्थिती. स्थितीचा रकाना तेवढा उडवू देऊ नका, जागा वाचवायला म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते.